घंटा कुणाच्या दारी थांबायची

आमच्या मिशनच्या शाळेची घंटा टांगलेली नव्हती, ती मास्तरांच्या हातात असायची. पितळेची, लाकडी मुठीची. रोज सकाळी मास्तर ती घेऊन वस्तीतून फिरत, एकेका दारासमोर थांबून पोराला नावाने हाक मारत, आणि पोर तोंडावर पाणी मारून बाहेर आल्याशिवाय पुढे सरकत नसत. महिन्यातून एकदा फादर मिस्सेला, म्हणजे मोठ्या उपासनेला येत, तो रविवार सोडला तर देवळातली प्रार्थनाही मास्तरच चालवत. शाळा म्हणजे देवळाला लागून असलेले दोन वर्ग. एक मास्तरांचा, दुसरा माझा.

मी संगमनेरकडची, लग्न होऊन घोडेगावजवळच्या या गावात आलेली आणि तोंडाने फटकळ. मला नोकरी लागली तेव्हा माझ्याच वर्गात बाकं अपुरी होती. मिशनच्या दूध पावडरीमुळे पोरं येतात, असं गावातले काही जण टोचून बोलत. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण दूध बंद झाल्यावरही मास्तरांची घंटा ऐकून पोरं येत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग दुष्काळ पडला. कुणी पुण्याला कंपनीत गेलं, कुणी साखर कारखान्यावर, आणि उरलेले रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. पोरंही त्यांच्या मागे, कारण तिथे सरकारी सुकडी खायला मिळायची. रविवारी देवळात म्हाताऱ्या बायकाच जास्त दिसू लागल्या. त्या उन्हाळ्यात फादर आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "मास्तर, जूनमध्ये वीस पोरं बसली तर शाळा ठेवू. नाहीतर आपली पोरं झेडपीच्या शाळेत घालू."

मास्तर "बरं, फादर" एवढंच म्हणाले. मला वाईट वाटलं ते माझ्या नोकरीचं नाही, मला दुसरी मिळाली असती. या माणसाने उभ्या हयातीत सकाळी पोरं गोळा करण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. शाळा गेली तर हा सकाळी उठून करणार काय, ही माझी काळजी होती.

जूनमध्ये पोरं भरली सतरा. त्यात मास्तरांचा गुडघा सुजला आणि घंटा माझ्या हातात आली.

वस्तीत आडाच्या पलीकडे घरांची एक ओळ होती. ती माणसं आधी आमच्याच देवळातली, पंधराएक वर्षांपूर्वी बौद्ध झाली होती. भाऊबंद सगळे एकच, चुलता इकडे तर पुतण्या तिकडे. लग्नकार्याला येणंजाणं होतं, पण शाळेची घंटा त्या दारांत थांबत नव्हती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी थांबलेच असते, मला तीन पोरं कमी पडत होती.

पहिल्याच दारात जोरात घंटा वाजवली. हाताला पीठ लागलेली एक बाई बाहेर आली.

"बाई, दार चुकलं तुमचं."

"आत पोरं दिसतात शाळेजोगी. दार कसं चुकेल?"

तिने हाताचं पीठ झटकलं. "मास्तरांनी धाडलं व्हय?"

मी खरं ते सांगितलं, की मास्तरांचा गुडघा सुजलाय आणि मी माझ्या मनाने आले. ती उंबऱ्यावर टेकली. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली पोरांची दप्तरं.

"मला लिहाया त्यांनीच शिकवलं," ती म्हणाली. "आमी तिकडं गेलो तवापासनं घंटा ह्या वळीला आली की गप व्हायची. वळ सरली की परत वाजायची. आमी म्हनलं, मास्तरांनी आमाला टाकलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच मास्तरांकडे गेले. ते गुडघ्याला तेल चोळत होते.

"त्यांची दारं का सोडलीत?"

"मी कुठं सोडली? देऊळ त्यांनी सोडलं," ते हळूच म्हणाले. "दारात घंटा वाजवली तर त्यांना वाटंल, मास्तर परत वढाया आला. त्यांना अवघड व्हाया नको, म्हनून घंटेचा लोळा मुठीत धरायचो."

"पंधरा वर्षं एका आडावर पाणी भरता, आणि एका शब्दाने विचारलं नाहीत?"

मास्तर तेल चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईकडे पुन्हा गेले आणि तिची पोरं सरळ मागितली. तिने चहा दिला, पण पोरं दिली नाहीत. "झेडपीच्या शाळंत सातवीपतुर हाय, बाई. पोरं रमल्यात. मास्तरांना वाईट वाटंल, पन आता काढायची न्हाईत." मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. तरी परतताना रडू आलंच.

शाळा बंद झाली. बाकं आणि हजेरीबुकं बैलगाडीतून मोठ्या मिशनकडे गेली. घंटा कुणी मागितली नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी घंटेचा आवाज आला. मी घाईने बाहेर आले. मास्तर लंगडत चालले होते आणि आमची पोरं मागे, झेडपीच्या शाळेच्या वाटेला. आडापाशी आल्यावर आता आवाज थांबणार म्हणून मी कान देऊन उभी राहिले. तो थांबला नाही. त्या बाईच्या दारासमोर मास्तर उभे राहिले आणि तिच्या दोन्ही पोरांना नावाने हाक मारली. मग शेजारच्या घरच्या, मग त्याच्या पलीकडच्या. ज्या पोरांना त्यांनी कधी हाक मारली नव्हती, त्या सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती.

ती बाई डोक्यावरचा पदर सारखा करत दारात आली. "मास्तर, गुडघा कसा हाय?"

"दुखतो," मास्तर म्हणाले. "तू पोरीची येनी घाल आधी. शाळा भरंल."