चुलीजवळचा बूट

गडचिरोलीच्या दवाखान्यात बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. त्याचा डावा पाय घोट्यापासून कापलेला. तरी रोज सकाळी तो खाटेखालून चामड्याचे दोन्ही बूट काढायचा आणि त्यांच्या सोलला मोहाच्या बियांचं तेल अंगठ्याने जिरवत बसायचा. डाव्या सोलला आडवी चीर होती. तिथे अंगठा जास्त वेळ रेंगाळायचा.

मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पाण्यात भिजला होता. कामावर जायची घाई, म्हून चुलीजवळ ठेवला. सोल तडकला, त्यातून काटा गेला. शुगरच्या पायाले समजलाच नाई. चामडं सावलीत वाळवा लागते, हे मीच गावाले सांगत होतो, भाऊ."

"मग काकाजी, आता डाव्याले कशाले तेल लावता?"

"चामडं हाये. नाई लावलं तं वाळते."

चौथ्या दिवशी डॉक्टर सांगून गेले, शुगरमुळे उजवा पायही काढावा लागेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तेलाची बाटली उघडलीच नाही. फरशी पुसताना बूट भिजले, तरी तो बघत राहिला. शेवटी मीच ते उचलून सावलीत ठेवायला निघालो.

"राहू द्या, भाऊ," तो म्हणाला. "आता चुलीजवळ ठेवले तरी चालते."