वाळूच्या पेटीजवळचं पावणं

त्या पावण्यांचं नाव मी इचारलंच न्हाय.

आमच्या ह्यांनी परसातल्या शेडात पत्र्याची पेटी बसवलीती. भोकातनं हात घालून, कॉम्प्रेसरच्या हवेनं वाळूचा फवारा मारून लोखंडाचा गंज काढायचा. ते काम माझ्याकडं. शेजारीच पाळणा, कारण त्या आवाजात पोरगं निवांत झोपायचं.

एक दिस फवारा उचक्या द्यायला लागला अन् पेटीच्या दाराच्या फटीतनं धूळ उडाय लागली. मी लई भ्याले. माल न्यायला आलेलं पावणं हात पाठीमागं बांधून बघत हुतं. त्यांनी पाळण्याच्या दांडीवरनं बोट फिरवून मला दाखवलं. बोट पांढरंफेक!

"ताई, ही धूळ पोराच्या छातीत जातीया की, तुझ्याबी! पाळणा भाईर काढ. हवा बंद कर."

"तुमीच करा की वो!"

"मी उद्या येनार हाय व्हय? तूच कर."

हात परत पाठीमागं. ते सांगत गेलं, मी करत गेले. पाळणा भाईर ठेवला, हवा बंद केली, हवेच्या टाकीत साचलेलं पाणी सोडलं, धूळ बसल्यावर दार उघडलं, त्या पाण्यानं ओली झालेली वाळू बदलली, फटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. फवारा सरळ, धूळ बंद!

"झालीस की मिस्त्री!" पावणं हसलं अन् माल घिऊन गेलं.

सांजच्याला हे पाळणा परत आत आणाय लागलं. मी दारात आडवी उभी ऱ्हायले.

"पेटी मी चालवतीया. पाळणा भाईरच ऱ्हानार."

ह्यांनी पाळणा माघारी भाईर नेला.