औरंगाबादच्या विमानातली एक जागा

जगात सगळ्यात जास्त माणसं कुठून कुठं उडतात, याची बातमी अधूनमधून पेपरात येते. कोरियातलं कुठलं तरी बेट, जपानातली दोन शहरं, आणि त्याच ओळीत आपलं मुंबई-दिल्ली. घरातली पोरं ती बातमी मला मुद्दाम वाचून दाखवतात, कारण माझी उमेदीची वर्षं दिल्लीच्या विमानांच्या काउंटरवरच गेली. मुंबईच्या विमानतळावर मी तिकिटं तपासायचो, सामान काट्यावर चढवायचो, बोर्डिंग कार्ड द्यायचो. एक विमान सुटत नाही तोवर पुढच्याची रांग लागलेली असायची. सुटाबुटातली माणसं, बरीचशी रोजचीच, आणि सगळ्यांना खिडकीजवळची जागा हवी.

आमचं गाव ताडकळसपासून जवळ. बाजाराच्या दिवशी माझे वडील, म्हणजे आबा, चहाच्या हॉटेलात बसून माझ्या नोकरीचं वर्णन करायचे.

"एवढी मानसं रोज दिल्लीला करतेत तरी काय?" कुणी तरी विचारायचं.

"सरकार हाय न्हवं तिथं," आबा म्हणायचे. "परत्येकाचं काई ना काई अडकलेलं असतंय."

ती बातमी वाचून दाखवली की मी मान डोलावतो. पण मला आठवतं ते दिल्लीचं विमान नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची एक सकाळ आठवते, आणि औरंगाबादला जाणारं छोटं विमान.

त्या सकाळी काउंटरमागच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. थोरला भाऊ परभणीहून बोलत होता. तो शेतीतला माणूस, फोनवर बोलायची सवय नाही. ओरडूनच बोलायला लागला.

"आबाला दवाखान्यात आनलंय. छातीत दुखायलंय. घामानं पार भिजलेत. तू निघ."

"डॉक्टर काय म्हनले?"

"काई सांगनात. तू निघ बाबा लवकर."

मीही बाहेर रांगेपर्यंत ऐकू जाईल असं ओरडूनच बोलत होतो, आणि गावाकडच्या बोलीत. एरवी काउंटरवर ती बोली मी जिभेवर येऊ देत नसे.

आम्हा नोकरदारांना विमानाचा पास मिळायचा, पण विमानात जागा उरली तरच. औरंगाबादचं विमान तासाभरात सुटणार होतं. दिवाळीच्या आधीचे दिवस, अजिंठा-वेरूळ बघायला निघालेल्या परदेशी पाहुण्यांनी ते भरलं होतं. ड्यूटी ऑफिसर भला माणूस. त्यानं यादी दोनदा पाहिली आणि हात पसरले. "दिल्लीला जायचं असतं तर म्हणशील त्या विमानात बसवलं असतं," तो म्हणाला. समोर दिल्लीची रांग पुढे सरकत होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. रेल्वेनं निघालो तर मनमाडला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी कधी तरी पोचणार होतो.

तेवढ्यात कुणी तरी माझ्या बाहीला धरलं. नऊवारी नेसलेली, पन्नाशी ओलांडलेली बाई. हातात कापडी पिशवी.

"कुठला रं तू?"

"ताडकळसकडचा."

"तरीच म्हनलं. मी पोखर्नीची. कोन आजारी हाय तुजं?"

"वडील."

मग तिनं स्वतःचं सांगितलं. मुलगा मुंबईत नोकरीला होता, ती त्याच्याकडे राहायला आली होती. गंगाखेडला दिलेली धाकटी बहीण आजारी आहे असा निरोप आला, म्हणून मुलानं विमानाचं तिकीट काढून दिलं. मुलगा तिला दारापाशी सोडून कामावर गेला होता.

"तू माज्या जागंवर जा," ती म्हणाली.

मी औरंगाबादच्या काउंटरकडे पाहिलं.

"आरं, भन माजी वरीसभर आंथरुनातच हाय. उद्या गेले तरी भेटंल. बापाचं तसं न्हाई."

मी नको म्हणायला हवं होतं की नाही, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. एकदा तरी म्हणायला हवं होतं, एवढं मात्र नक्की. मी सरळ ड्यूटी ऑफिसरकडे वळलो. त्यानं तिचं तिकीट दुसऱ्या दिवसाच्या विमानावर करून दिलं आणि तिच्या मुलाच्या ऑफिसात फोन लावला. ती म्हणाली, "जमलं तर गंगाखेडला भनीला निरोप दे, म्हनावं अक्का उद्या यायलीय." घर घाटाच्या वाटेवर, दत्ताच्या देवळामागं. मी "देतो" म्हणालो आणि धावलो. मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

विमान पाऊण तासात उतरलं. औरंगाबादहून परभणीची एसटी पकडली. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा मराठवाडा आतून धुमसत होता; कुठल्या फाट्यावर गाडी अडवली जाईल याचा नेम नसे. कंडक्टर प्रत्येक स्टँडवर उतरून पुढची चौकशी करत होता. मी खिडकीशी बसून आबांच्या नावानं देवाकडे काय काय मागत होतो. जालना गेलं, सेलू गेलं, परभणी आली तेव्हा उन्हं कलली होती. रिक्षानं दवाखाना गाठला.

आबा खाटेवर मांडी घालून बसले होते आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी तुरीवरच्या अळीबद्दल बोलत होते. मला बघून त्यांचंच तोंड उतरलं.

"तू कशाला आलास? घरी कुनाला काय झालंय?"

भाऊ खाली मान घालून उभा होता. आदल्या संध्याकाळी आबांनी उकडलेल्या शेंगा पोटाला तडस लागेस्तोवर खाल्ल्या होत्या. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला होता, हृदयाला काहीही झालं नव्हतं. पित्त होतं. दुपारीच उलटी होऊन गेली आणि गडी मोकळा झाला.

"मी घाबरलो रं," भाऊ म्हणाला. "त्यांचा घाम बघून माजं डोकंच चालंना."

मी आबांचे पाय धरले आणि रडलो. मग आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्यात मला ती बाई आठवली नाही. तिची आठवण झाली ती रात्री, पाठ टेकल्यावर. तरी तेव्हा वाटलं ते इतकंच, की उद्या निरोप द्यायचाय.

सकाळी भाऊ आबांना घेऊन गावाकडे गेला आणि मी गंगाखेडच्या गाडीत बसलो. घर सापडायला वेळ लागला नाही, कारण दारात चपलांचा ढीग होता. आत बायका बसल्या होत्या. जमिनीवरच्या अंथरुणात तिची बहीण होती, इतकी बारीक झालेली की गोधडीखाली माणूस आहे असं वाटू नये. तिची मुलगी, माझ्याच वयाची, उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होती. ते पाणी ओघळून मानेवर यायचं. मी दाराशीच उभा राहून निरोप सांगितला.

"अक्का आज येणार आहेत. विमानानं निघाल्यात."

मुलगी म्हणाली, "कालच येनार व्हती न्हवं मावशी? आई काल दिवसभर दाराकडंच बघत व्हती."

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घडलं ते सांगितलं.

अंथरुणातल्या बाईनं बहुतेक माझा आवाज ऐकला होता. तिचे ओठ हलले. मुलीनं कान खाली नेला.

"अक्का आली का म्हनायलीय."

मग मुलीनं मला हातानं जवळ बोलावलं. मी गुडघ्यांवर बसलो. तिनं आईचा हात उचलला आणि माझ्या हातात दिला. "आई, अक्का आली बग," ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी हात काढू शकलो नाही. तो हात कोरडा आणि गरम होता. त्यानं माझी बोटं धरली, म्हणजे खरोखर धरली, ताकद लावून. मी तसाच बसून राहिलो. पायाला मुंग्या आल्या. दुपार व्हायच्या आत ती पकड सैल झाली.

नंतर अंगणात माणसं जमली आणि कधी न्यायचं याची बोलणी सुरू झाली. मी परका माणूस, पण मध्ये बोललो. "बहीण वाटेत आहे, संध्याकाळपर्यंत पोचेलच. थांबा." ते थांबलेही. उन्हं उतरली तसे घरातले म्हातारे उठबस करायला लागले. शेवटी एक जण मला समजावून म्हणाला, "पाव्हनं, गाडीचा काय भरवसा? दिवस मावळायच्या आत उरकावं लागंल." त्यांनी तिला उचललं आणि नदीकडे निघाले. मी उलट दिशेला वळून एसटी स्टँडवर आलो. अक्काला घरी एकटीनं त्या चपलांसमोर येऊ द्यायचं नव्हतं.

परभणीच्या गाडीतून ती उतरली. तीच कापडी पिशवी, चेहरा धुळीनं माखलेला. मला बघताच लगबगीनं आली.

"तू हितं कसा? बाप कसा हाय तुजा?"

"बरे आहेत."

"पावला रं नरसिंव्हा," तिनं तिथंच उभ्यानं हात जोडले. "मी वाटंत त्येच्यासाठीच नवस बोलत व्हते." आणि मग माझ्याकडे नीट पाहिलं. हात तसेच जोडलेले राहिले.

"भन?"

मी नदीच्या वाटेकडे पाहिलं. ती पिशवी खाली ठेवून पायरीवर बसली. रडली नाही. थोड्या वेळानं उठली आणि म्हणाली, "चल, कुठं न्हेलंय ते दाव."

घाटावर पोचलो तेव्हा गोदावरीच्या पाण्यावर जाळाचा उजेड पडला होता. तिला बघून बायकांनी हंबरडा फोडला. ती मात्र दूर, वाळूत बसली. मला निघून जावंसं वाटत होतं, आणि निघणं बरं दिसत नव्हतं, म्हणून मी तिच्या मागं उभा राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं मान न वळवता विचारलं.

"काय झालं व्हतं तुज्या बापाला?"

त्या क्षणी आबांना मोठं काही तरी झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. आपल्याच बापाबद्दल. ते वाटणं मला अजून टोचतं.

"पित्त," मी म्हणालो. "शेंगा खाल्ल्या होत्या."

ती माझ्याकडे वळली. "बरं," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा जाळाकडे तोंड केलं.

मी गावाकडे येऊन आबांना सगळं सांगितलं. आबांनी त्या दिवशी जेवण टाळलं. भावावर चिडले, माझ्यावर चिडले, शेंगांवरही चिडले. दहाव्याच्या दिवशी स्वच्छ धोतर नेसून ते माझ्याबरोबर गंगाखेडला आले. घाटावर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांदेखत हात जोडले.

"ताई, मला काईच झालं न्हवतं. तुमची जागा वाया गेली."

ती म्हणाली, "मंग काय मरायचं व्हतं का तुमी, भाऊ?"

दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले. आबांनी जोडलेले हात खाली घेतले. पण ती पुन्हा मुंबईला राहायला गेली नाही, आणि त्यानंतर पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेले की ते तिच्या घरी जाऊन यायचे. ज्वारीचं, तुरीचं काही तरी बांधून न्यायचे. त्यांना तेवढ्यानं बरं वाटायचं. मला वाटत नसे. मी काउंटरवर परत आलो, आणि एखादा माणूस पास हातात धरून जागेसाठी आशेनं उभा राहिला की मी त्याच्याकडे न बघता काम करायला शिकलो.

दोन वर्षांनी रजेवर आलो असताना आबांनी मलाच पोखर्णीला धाडलं. तिनं ओसरीवर घोंगडी टाकली, चहा दिला आणि मग विचारलं, "तिनं हात कसा धरला व्हता, सांग की." भाचीनं तिला सगळं सांगितलं होतंच. तरी तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. मी सांगितलं. कोरडा होता, गरम होता, घट्ट धरला होता. ती ऐकत राहिली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली,

"तुला एक सांगते. कुनाला सांगितलं न्हाई. त्या दिवशी इमानतळावर मला लय भ्या वाटायलं व्हतं. वर जायाचं म्हनल्यावर पाय उचलंना. पोराला कसं सांगावं? तेवढ्यात तू वरडायला लागलास फोनवर. मला वाटलं, बरं झालं, आजचं तरी टळलं."

तिनं पदर खाली घेतला.

"आन दुसऱ्या दिवशी बसले, तर भ्या कुठल्या कुठं गेलं. खाली ढगच ढग. कापूस येचून ढीग घालावा तसं. मला लय आनंद झाला रं. लेकरावानी हासत व्हते मी. आन हिकडं ती..."

हे खरं होतं, की माझ्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून तिनं रचलं होतं, मला तेव्हाही कळलं नाही आणि आता विचारायला ती नाही. "अक्का, तुमची काही चूक नाही," असं मी म्हणालो. तिनं मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला समजलं नाही. मग तिनं डोळे पुसले आणि रिकामा कप उचलून आत गेली.