भाकरीच्या प्रार्थनेचा कर्ता

“ह्यो ‘विखुरलेली’ शब्द काढा की, मॅडम,” दिनकरराव म्हणाले. “सरळ आमास्नीच टोमणा हाय.”

दिनकरराव गारगोटीकडच्या एका चर्चचे सेक्रेटरी. पास्टर कोण असावा यावरून त्यांची मंडळी, म्हणजे चर्चची सगळी माणसं, फुटली होती. निम्मी घरं एस्तेरकाकूंबरोबर बाहेर पडली आणि शेजारच्या गावात वेगळी उपासना करू लागली. आता कापणीच्या सणाला दोन्ही गटांनी एकत्र उपासना करायचं ठरवलं होतं. त्यासाठी एक जुनी ग्रीक प्रार्थना मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. मी अनुवादक. ग्रीक कामापुरतं शिकले आहे. फायनल प्रूफ बघायला दिनकरराव आणि काकू दोघंही शिवाजी पेठेतल्या माझ्या ऑफिसात बसले होते.

प्रार्थना अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची. त्यांच्या लिखाणात शेती सारखी येते. द्राक्षवेल आणि तिचे फाटे, पेरणारा, पाणी घालणारा. इथे भाकर आहे. मोडलेली भाकर घेऊन ते देवाला सांगतात, की ही आधी दाण्यांच्या रूपात डोंगरांवर विखुरलेली होती, मग गोळा होऊन एक झाली. तशीच तुझी मंडळी एक होऊ दे.

“‘पेरलेली’ करा,” दिनकरराव म्हणाले.

“नाही करणार. मूळ शब्द विखुरण्याचाच आहे. विखुरलेलंच नसेल, तर गोळा काय करायचं?”

मग काकूंनी कागदावर बोट ठेवलं.

“हितं ‘आम्ही गोळा केली’ लिवलंय. म्हंजे ह्यांनी आमास्नी गोळा केलं व्हय? आमी काय शेंगा हाय? असलं वाचणार असशीला तर आमची मान्सं येणार न्हाईत.”

ते ‘आम्ही’ माझं नव्हतं. मी दिनकररावांकडे बघितलं.

“आधीच्या प्रूफात मीच घातलं,” ते म्हणाले. “वाक्य अर्धवट वाटत हुतं. कुणीतरी गोळा केलं असंलच की.”

“ग्रीकमध्ये इथे कर्ता न सांगणारा प्रयोग आहे,” मी म्हटलं. “‘घर बांधलं गेलं’ म्हणतो तसा. कुणी बांधलं ते सांगायचं नाही. आणि पुढे मागणं देवाकडे आहे. गोळा करणार तो. तुमची कमिटी नाही.”

“मग त्यात आमी कुठं?”

“दाण्यांत. दोघंही.”

काकू हसल्या. दिनकररावांना हसायला जरा वेळ लागला. मग त्यांनी माझंच पेन घेतलं आणि ‘आम्ही’ खोडलं.

उपासनेला मीही गेले होते. नाचणीची भाकर दिनकररावांच्या घरची, वाचन काकूंचं. ‘विखुरलेली’पाशी त्यांनी कागदावरून नजर वर केली. दोन्हीकडची माणसं मान खाली घालून उभी होती. काकूंनी तोच शब्द पुन्हा वाचला आणि वाक्य पुरं केलं.

मंडळ्या अजून दोनच आहेत. कापणीची उपासना मात्र तेव्हापासून एकच होते.

माझ्या धंद्यात एक शिकले. शब्दावरून भांडण लागलं, की आधी वाक्याचा कर्ता तपासावा. बहुतेक वेळा तिथे कुणीतरी स्वतःला घुसवलेलं असतं.