मागची येऊ दी

दसरा झाला की माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरकडं जायचं दुखणं नव्हे हे. माझी नणंद लातूरहून दिवाळीला येणार असते, त्याचं दुखणं. ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आम्ही सगळेच तिला आक्का म्हणतो. लातूरच्या शाळेत गणित शिकवायची, आता रिटायर झालीय, एकटी राहते, आणि दर दिवाळीला एक नवा छंद घेऊन नांदेडला उतरते. एका वर्षी क्रोशा आणला. आमचा टीव्ही, फ्रीज, पाण्याचा माठ, सगळ्यांवर तिचे रुमाल बसले. मग केक आले. मग पेटी. या वयात बाई पेटी शिकली आणि भाऊबीजेला आख्ख्या अपार्टमेंटला गोळा करून भजनं ऐकवली. लोक टाळ्या वाजवून राहिले होते आणि मी आत भांड्यांचा आवाज करत होते.

माझा छंद एकच, गच्चीवरच्या कुंड्यांतली शेवंती. ऑक्टोबरचं ऊन टाळू भाजून काढतं, तेव्हा मी तिला जुन्या साडीची सावली बांधते, शेंडे खुडते, लेकरासारखं जपते. आणि कळ्या धरल्या रे धरल्या की मावा पडतो, ती बारीक चिकट कीड. आक्का गच्चीवर येते, कमरेवर हात ठेवते आणि म्हणते, "अगं, राख टाकावं की जरा." राख मी टाकलेलीच असते. तिनं लातूरच्या गॅलरीत कुठल्या तरी फुटक्या डब्यात खोचलेल्या शेवंतीला मात्र पानागणिक फूल. फोटो पाठवते मेली.

शेवंतीशिवाय माझं आणखी एक काम चालू होतं, ते म्हणजे कादंबरी. लिहिणं नव्हे, लिहिण्याची तयारी. मराठीत एमए केलंय मी, माहेरी मुखेडला आमच्या आळीत तेव्हा पेढे वाटले होते. मुलं शिकायला बाहेर पडली तसं मी खिडकीशी टेबल मांडलं. ते डुगडुगायला लागलं म्हणून दुसरं आणलं. उजेड डावीकडून पडावा म्हणून ते फिरवलं. दिवा आणला, शाईचं पेन आणलं, भिंतीवर पात्रांचा तक्ता लावला, कोण कुणाचा कोण ते बाण काढून. नवरा म्हणाला, "आता टेबलच लिहितंय वाटतं कादंबरी." त्याला काय कळतं? तयारीला वेळ लागतोच.

तक्त्यावरची पात्रं सगळी इकडून तिकडून उचललेली होती, खोटं कशाला बोलू. पण शेवटचा प्रसंग अस्सल होता. तो मला सासऱ्यांनी दिला होता.

सासऱ्यांना आम्ही बापू म्हणायचो. शेवटी शेवटी ते आमच्याकडं नांदेडलाच होते. फार बोलायचे नाहीत. संध्याकाळी मी गच्चीवर पाणी घालायची आणि ते कुंडीशी उकिडवे बसून बोटानं मावा पुसून काढायचे. एकदा असंच पुसता पुसता आपण होऊन आक्काचं बोलायला लागले, ती सासर सोडून आली त्या दिवसाचं.

त्या दिवसाचं घरात सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच. आक्काचं सासर देवणीकडचं. नवऱ्यानं दुसरं घर केलं, आणि एक दिवस ही ट्रंक उचलून निघाली. अहमदपूरच्या स्टँडवर उतरली, तिथून निरोप धाडला, बापू घ्यायला गेले. बापूंचं गाव तिथून जवळ. दुपारीच घरी यायला पाहिजेत, ते आले दिवेलागण होऊन गेल्यावर. का, ते कुणी विचारलं नाही.

बापू म्हणाले, "रडून रडून डोळे सुजले हुते पोरीचे. तसंच घरी नेलं आसतं तर तिच्या मायनं गळा काढला आसता, बाया गोळा झाल्या आसत्या. म्हणलं, हितंच बसू दी. पोटभर रडू दी. सीताफळं घेतली, तिच्या म्होरं ठिवली. गाडी आली की म्हणायचो, लई भरली हाय, मागची येऊ दी. रिकाम्या हुत्या गं सगळ्या. कंडक्टर माझ्याकडं बघून हाका मारून राहिला, आन मी आपला म्हणतोय, भरली हाय." मग पुन्हा मावा पुसायला लागले.

त्या संध्याकाळी मी आक्कावर जेवढी जळले तेवढी तिच्या पेटीवरसुद्धा जळले नव्हते. असा बाप! मी कधी ट्रंक घेऊन मुखेडच्या स्टँडवर उतरले असते तर माझ्या वडिलांनी मला पहिल्या गाडीनं परत बसवलं असतं, तेही उभ्यानं. तेव्हाच मनाशी ठरवलं की बाप तिचा असू दे, ही गोष्ट माझी. माझ्या कादंबरीचा शेवट हाच. कुणाला म्हणून सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. बापू गेले, त्यालाही आता बराच काळ लोटला.

यंदा आक्का उतरली ती हातात नुसती पिशवी आणि फोन घेऊन. पेटी नाही, लोकरीचे गुंडे नाहीत. मला जरा हायसं वाटलं. दुपारी चकल्या करायला बसलो तेव्हा मी मुद्दामच खोचकपणे विचारलं, "काय आक्का, यंदा काही नवीन नाही का?"

"हाय की," ती म्हणाली. "कादंबरी लिहून राहिले."

मी सोऱ्या दाबत होते तो तसाच राहिला. तेलात अर्धी चकली पडली आणि तिचं शेपूट लोंबत राहिलं.

"लिहून म्हंजे बोलून," आक्का म्हणाली. "फोनमधी बोललं की त्यो आपोआप लिहितो. भांडे घासताना बोलते, फिरायला जाते तवा बोलते. निम्मीच्या वर झाली बघ. तुझी कुठपोत्तर आली?"

कुठपोत्तर! डावीकडून उजेड यायला लागलाय, एवढी आली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! एमए मी केलं, टेबल मी आणलं, आणि कादंबरी कुणाची, तर गणिताच्या बाईची. तीही भांडी घासता घासता. मी म्हणाले, "माझी तयारी चालू आहे." तिनं मान डोलावली. ती मान डोलावणं मला फार लागलं.

"ऐकतीस का थोडी?" म्हणून तिनं चष्मा लावला आणि शेगडीशीच वाचायला लागली. मी देवाला म्हणत होते की वाईट निघू दे. लई वाईट नको, जरा बरी पण वाईट. पण नाही. जशी बोलते तशीच लिहिली होती, सासूचं टोचून बोलणं, देवणीचा बाजार, सगळं डोळ्यांपुढं उभं. मी चकल्या काळ्या केल्या.

मग तो दिवस आला. ट्रंक, स्टँड, बापू. आता ही माझा शेवट वाचणार. आक्का वाचत होती, "बापूंनी मला उजेडाचं गावात नेलं न्हाई. मी तोंडावर पदर घेऊन बसले हुते, मला काई दिसत नव्हतं. गाडी आली की त्ये म्हणायचे, भरली हाय. अंधार पडायची वाट बघत हुते. लाज वाटली आसंल त्यांला माझी. माझ्याम्होरं सीताफळं ठिवली, गप बस म्हणून. मी खाल्ली, पर तवापासून त्या फळाकडं बघवत न्हाई."

वाचून झाल्यावर तिनं चष्मा पुसला आणि विचारलं, "कसं हाय?"

"चांगलं आहे," मी म्हणाले.

आणि मनात काय आलं सांगू? उकळ्या फुटल्या. तिचं चुकलं होतं! सगळं येणाऱ्या बाईचं नेमकं तिथंच चुकलं होतं, आणि बरोबर उत्तर माझ्याकडं होतं. येऊ दे तिची कादंबरी आधी. माझी नंतर येईल आणि खरा बाप माझ्या कादंबरीत असेल. त्या आनंदात मी अनारसे केले, आणि ते एरवी माझे तेलात हसतात, विरघळतात, ते यंदा एकही हसला नाही. आकाशकंदील लावला. शेवंतीवर मावा होता, पण त्याचंही काही वाटलं नाही.

भाऊबीजेच्या दुपारी नवऱ्यानं बाजारातून सीताफळं आणली. बालाघाटची, डोळे उघडलेली, गोड. मी ताटलीत घालून सगळ्यांपुढं ठेवली. आक्कानं बोटानं ताटली बाजूला सारली. दर वर्षी सारते तशीच. "मला न्हाई आवडत बाई," असं दर वर्षी म्हणते तसंच म्हणाली, आणि आम्ही कुणी कधी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. मी त्या बाजूला सारलेल्या ताटलीकडं बघत बसले. माझ्याच्यानं काही खाववेना.

नवरा वामकुक्षीला गेला. मी म्हणाले, "आक्का, बापूंना लाज वाटत नव्हती."

"आं?"

मग सांगितलं. गच्ची, मावा, सुजलेले डोळे, रिकाम्या गाड्या, हाका मारणारा कंडक्टर. सांगताना मला एकेक शब्द बाहेर काढवत नव्हता. माझं टेबल, दिवा, भिंतीवरचा तक्ता, सगळं मी तिच्या ओटीत टाकत होते. पण अर्ध्यावर थांबता येईना.

मला वाटलं, आक्का रडेल. मिठी मारेल, म्हणेल, लई उपकार झाले गं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मागं सरकले.

"तुला सांगितलं?" ती म्हणाली.

"हाव."

"माझा बाप हुता त्यो. मला एका शबदानं बोलला न्हाई. आन तुला सांगितलं?"

इतकी वर्षं माझी एकच इच्छा होती, की आक्कानं एकदा, फक्त एकदा, माझ्यावर जळावं. माझ्या शेवंतीवर, माझ्या अनारशांवर, कशावरही. आता ती समोर बसून जळत होती, डोळे लाल करून, आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं. "सून होते ना, परकी. परक्या माणसाला सांगायला सोपं जातं," असं काहीतरी मी पुटपुटले. ती उठून आत गेली आणि पिशवी भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला स्टँडवर सोडायला गेले. रात्रीतून गारवा पडला होता, स्टँडवर माहेरवाशिणींची, फराळाच्या डब्यांची गर्दी होती, पण सगळी परभणीकडच्या फलाटावर. लातूरच्या बाकावर आम्ही दोघीच. आक्का समोर बघत होती. मला फार वाटत होतं काही बोलावं, पण माझं एमए अशा वेळी कधी कामाला येत नाही.

लातूरची गाडी लागली. कंडक्टर दारात उभा राहून ओरडायला लागला. आत तीन-चार माणसं, बाकी सगळ्या सीटा मोकळ्या. आक्कानं पिशवीला हात घातला.

मी म्हणाले, "ही लई भरलीय आक्का. मागची येऊ द्या."

तिनं गाडीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. कंडक्टरनं आमच्याकडं बघून आणखी दोन हाका मारल्या, मग वैतागून दार ओढलं, गाडी गेली. आक्कानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

मी पर्समधून सीताफळ काढलं. तिला दिलं नाही, नुसतं बाकावर आमच्या दोघींच्या मधे ठेवलं. बराच वेळ ते तिथंच होतं. मग तिनं उचललं, दोन्ही अंगठ्यांनी फोडलं आणि खायला लागली. खाताना नाक ओढत होती, ते मी बघितलं नाही असं केलं.

"बिया बापूंनी हातात घेतल्या हुत्या," ती मधेच म्हणाली. "मी तोंडातून काढंल ती बी. त्येंचा हात म्होरं यायचा. पदराखालून मला तेवढाच दिसायचा, हात. घाण व्हईल म्हणून घेत्यात, आसं वाटायचं मला."

मी तिच्याकडं बघत राहिले. रिकाम्या गाड्यांपेक्षा हे मोठं होतं, आणि हे तिचं होतं, मला बापूंनी सांगितलेलं नव्हतं. परत जळले मी, जागच्या जागी. आणि हात पुढं केला. तिनं तोंडातली बी माझ्या तळहातावर ठेवली.

तेवढ्यात पुढची गाडी लागली. पहिलीपेक्षाही मोकळी. कंडक्टर उतरून थेट आमच्या बाकापाशीच आला, "चला मावशी, लातूर, लातूर, सगळी गाडी तुमचीच हाय."

आक्कानं तोंड पुसलं, मान उंच करून त्या रिकाम्या गाडीत नीट डोकावून बघितलं, आणि म्हणाली, "न्हाई बाबा. लई भरली हाय."