हॅटीच्या मापाची रायफल

तीन आठवड्यांत कोरीन हाउगेनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिसरी रायफल येऊन पडली होती, आणि तीही तिला पटत नव्हती.

पहिली शेजारच्या कुरणवाल्याची, टू-फोर्टी-थ्री, बारीक गोळीची. हलकी, तेरा वर्षांच्या पोरीला सहज उचलता येणारी. ती आणली त्याच दिवशी पेट्रोलपंपावर कुणीतरी म्हणालं, "एल्कला टू-फोर्टी-थ्री? हरणाला ठीक आहे गं. एल्क म्हणजे घोड्याएवढं धूड!" कोरीनने संध्याकाळच्या आत ती परत नेऊन दिली. दुसरी कामावरच्या एकाची. तिचा दस्ता इतका लांब, की हॅटीने खांद्याला लावली की तिची मान मागे जायची आणि रायफलवरच्या दुर्बिणीत नुसतं काळं वर्तुळ दिसायचं. तिसरी कोरीनने स्वतः विकत आणली. दुकानातला पोरगा म्हणाला, सगळ्यांत नवी आहे, सगळे हीच नेतात. घरी पोचेपर्यंत तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने चौकशी केली, तर या रायफलची काडतुसं अख्ख्या खोऱ्यात कुणाकडे नव्हती. एका पेटीसाठी दीडशे मैल जावं लागणार होतं.

एल्कचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सुरू होणार होता. एकोणीस दिवस उरले होते.

कोरीन काउंटीचा ग्रेडर चालवायची. उन्हाळ्यात विलो फोर्क खोऱ्यातले कच्चे रस्ते सपाट करायचे, हिवाळ्यात त्यांच्यावरचा बर्फ लोटायचा, असं बावीस वर्षं चाललं होतं. काम बसून करायचं, पण त्या केबिनच्या बाहेर तिला कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. कॉफी उभ्याने, जेवण उभ्याने, चर्चमध्येसुद्धा दाराजवळ भिंतीला टेकून. नवरा नॉर्थ डाकोटात तेलविहिरींवर कामाला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हाही ती रडायला बसली नाही, गॅरेज झाडत राहिली. हॅटी मात्र तिच्या अगदी उलट. एका जागी तासन्‌तास बसेल, विचारलं तर दोन शब्द बोलेल.

खोऱ्यात शिकार न करणारं माणूस शोधावं लागतं. कोरीन करत नव्हती. ऑक्टोबर आला की तिला रस्त्यांची कामं आठवायची. कुणी नको म्हटलं तरी ती जादा पाळ्या घ्यायची. म्हणून मार्चमध्ये हॅटीने शाळेच्या सभागृहातलं शिकारीचं शिक्षण पूर्ण केलं आणि "आई, यंदा मी एल्कला जाणार, तू येशील ना?" असं विचारलं, तेव्हा कोरीन "हो" म्हणाली आणि त्या दिवसापासून तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

त्या सोमवारी तिचे वडील मागच्या दाराने आत आले. ऑर्विल हाउगेन, चौऱ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. त्यांनी टेबलावरची रायफल बोटाने बाजूला सारली.

"हे काय खेळणं मांडलंयस?"

"बाबा, बूट. आत्ताच पुसलंय मी."

बूट न काढताच त्यांनी काखेतली लांब चामडी पिशवी टेबलावर ठेवली. ती उघडायच्या आधीच कोरीनने ओळखली.

"थ्री-हंड्रेड मॅग्नम," ऑर्विल म्हणाले. "एकोणीस एल्क पाडलेत हिने. विसावा हॅटीचा."

"तिचं वजन शंभर पौंडसुद्धा नाहीये, बाबा."

"मग? तू काय पैलवान होतीस? तेराव्या वर्षी हीच चालवलीस ना? मेलीस का?"

कोरीन बेसिनपाशी गेली आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली.

तेराव्या वर्षी तिने ती रायफल सरावाला तीनदा चालवली होती. पहिल्याच धक्क्याला दुर्बिणीची कड भुवईत घुसली होती. तिसऱ्यानंतर खांदा असा काळानिळा झाला की तिला आठवडाभर दप्तर दुसऱ्या खांद्यावर घ्यावं लागलं. ती कुणाला काही बोलली नाही. भुवईवर केस ओढून घेतले. मग शिकारीच्या दिवशी डोंगराच्या धारेवर एक मोठा नर तिच्यासमोर आडवा उभा राहिला. दीडशे पावलांवर. चाप ओढण्याआधी तिने डोळे गच्च मिटले होते. गोळी पोटात लागली. तिने आणि बाबांनी अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांचा माग काढला, दुसरा अख्खा दिवस काढला. एल्क मिळाला नाही. त्या दोन दिवसांत बाबा तिच्यापुढे चालत राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते कामावर गेले. पोटात गोळी घेऊन ते जनावर किती दिवस फिरलं असेल, हे तिने पुढे कितीतरी वर्षं मनातल्या मनात मोजलं. डोळे मिटल्याचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मी चालवून बघते ना, आई," हॅटी दारातून म्हणाली. "आजोबांची."

"रविवारी लायलकडे जाऊ," कोरीन म्हणाली. "सगळ्याच बघू."

लायल मॅकेब पूर्वी लाकूडतोड्या होता. करवतींच्या आवाजाने त्याचा एक कान बहिरा झाला, तेव्हापासून तो घरामागच्या शेडमध्ये बंदुका दुरुस्त करायचा आणि सगळ्यांशी ओरडून बोलायचा. रविवारी सकाळी तो चार रायफली घेऊन खडीच्या खाणीत आला. लाकडी फळीवर त्याने नेमाचे कागद ठोकले, मग हॅटीला जवळ बोलावून तिच्या कोपरापासून बोटापर्यंत टेप लावली.

"मापं शिंपी घेतो," ऑर्विल म्हणाले.

"तुझ्या विजारी बघता तू कधी शिंप्याकडे गेला नाहीस," लायल ओरडला. "पोरीचा हात लहान आहे. दस्ता एक इंचाने कमी हवा, नाहीतर डोळा दुर्बिणीवर येणारच नाही."

"आधी माझी चालवू दे. एकदा चालवली की भीती जाते."

हॅटीने मॅग्नमला हात घातला, तशी कोरीन मध्ये आली. "आधी मी."

तीस वर्षांनी ती त्या रायफलमागे टेकली होती. "थांब, मी भरून देतो," लायल म्हणाला आणि पाठ फिरवून त्याने काडतुसं भरली. पहिला बार झाला. खांद्यावर कुणीतरी हातोडा घातल्यासारखं वाटलं. गोळी कागदाला शिवलीसुद्धा नाही. तोंडात लोखंडाची चव आली. तिने काडतूस आत-बाहेर करणारा बोल्ट ओढला, पुन्हा नेम धरला, चाप ओढला.

नुसतं टक्‌ झालं. बार झालाच नाही. पण कोरीनचा खांदा उडाला, नळीचं तोंड वीतभर खाली गेलं आणि तिचे डोळे मिटले. ते सगळ्यांनी पाहिलं.

"त्यात दारूच नव्हती," लायल म्हणाला, या वेळी हळू आवाजात. "दुसरं काडतूस मी पोकळ भरलं होतं. दचकणारा माणूस त्यात लगेच सापडतो."

"आई, तू डोळे मिटलेस," हॅटी म्हणाली.

कोरीन उठली. गुडघ्यांवरची खडी झटकत राहिली, झटकायला काही उरलं नाही तरी. मग वडिलांकडे न बघता म्हणाली, "तेव्हाही मिटले होते."

"केव्हा?"

"केव्हा ते तुम्हाला माहितीये, बाबा."

ऑर्विलनी नजर फळीकडे वळवली. "मला वाटलं दुर्बीण सरकली," ते म्हणाले. "नंतर तीनदा तपासली मी. बरोबर होती." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बोलतच नव्हता."

"काय बोलणार होतो? तेरा वर्षांच्या पोरीच्या हातात हे धूड दिलं कुणी? मीच ना? दोन दिवस माझ्या डोक्यात तेवढंच होतं."

तीस वर्षं ती समजत आली होती, की बाबांनी तिला माफ केलेलं नाही.

लायलचा बहिरा कान त्यांच्या बाजूला होता. "काय म्हणतोय तो?"

"काही नाही!" दोघं एकदम ओरडले.

मग लायलने चार रायफलींतली सगळ्यांत साधी, जुनी दिसणारी उचलली. एका कुरणवाल्याच्या बायकोसाठी तिचा दस्ता आधीच कापलेला होता. काडतूस सेव्हन एमएम-ओ-एट. त्याने एक काडतूस कोरीनच्या तळहातावर ठेवलं, शेजारी मॅग्नमचं ठेवलं. मॅग्नमचं बोटभर लांब आणि जाडजूड, हे त्याच्या धाकट्या बहिणीसारखं.

"दारू कमी, म्हणून धक्का कमी," लायल म्हणाला. "पण गोळी वजनाला एकशे चाळीस ग्रेनची, लांबट. आत घुसते ती खोलवर. आणि याची पेटी आपल्या किराणा दुकानातही मिळते."

"एल्कला कमी पडेल," ऑर्विल पुटपुटले.

"फुप्फुसात बसली तर नाही पडत. आणि पोटात बसली तर तुझी मॅग्नमसुद्धा—" लायलने वाक्य तिथेच सोडलं.

हॅटी मांडी घालून बसली, कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि शांतपणे तीन गोळ्या झाडल्या. कागदावरची तिन्ही भोकं तिच्या तळव्याखाली झाकली जातील इतकी जवळजवळ होती. ती मान वळवून म्हणाली, "अजून मारू?"

कोरीनने दुकानातली नवी रायफल नुकसान सोसून परत केली आणि ही घेतली. पण तिचा जीव थाऱ्यावर आला नाही तो नाहीच. रोज जेवणाच्या सुट्टीत, ग्रेडर रस्त्याकडेला लावून, तिचा लायलला फोन. गोळी तांब्याची बरी की शिशाची? थंडीत दारू कमी पेटते का? एकशे वीस ग्रेनची घेतली तर? एकदा तर तिने एकशे वीसची पेटी आणली आणि दुसऱ्या दिवशी बदलून आणली.

"कोरीन," शेवटी लायल म्हणाला, "आता फोन केलास तर मी तो दुसऱ्या कानाला लावीन."

ऑर्विलनी मात्र काम हाती घेतलं होतं. रोज शाळा सुटली की हॅटीला रिकामी रायफल घेऊन दिवाणखान्यात बसवायचे आणि भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरून वीस वेळा चाप ओढायला लावायचे. "दोनशे पावलांच्या पुढे असला तर?" ते विचारायचे. "मारायचं नाही," हॅटी म्हणायची. "आणि तोंड आपल्याकडे असलं तर?" "मारायचं नाही."

हंगामाच्या पहिल्या शनिवारी काहीच दिसलं नाही. रविवारी पलीकडच्या उतारावर मोठा कळप चरत होता. हॅटी पोटावर पडली, दुर्बिणीतून बघितलं आणि बोल्ट ओढून काडतूस बाहेर काढलं. "लांब आहेत." चारशे पावलं तरी असतील. परतताना कोरीनने तीन वेळा विचारलं, "वाईट वाटलं का गं?" हॅटीने तीनदा नकारार्थी मान हलवली.

पुढच्या शनिवारी घोट्याएवढा बर्फ होता. ऑर्विल खालच्या कुंपणापर्यंत आले आणि गुडघ्यांमुळे तिथेच थांबले. दहाच्या सुमाराला मायलेकी अ‍ॅस्पेनच्या झाडीतून एका मोकळ्या जागेच्या कडेला आल्या. पलीकडे पाच माद्या उभ्या होत्या. एकशेतीस पावलं. हॅटी बसली, पाठीवरची पिशवी पुढे घेऊन रायफल तिच्यावर टेकवली.

कोरीनला एकदम दहा गोष्टी सांगायच्या होत्या. वारा कुठला, श्वास कसा सोड, घाई करू नकोस. तिचे हातमोजे एकमेकांवर घासत होते.

"आई, हलू नकोस ना," हॅटी कुजबुजली.

कडेची मादी आडवी झाली. बार झाला. कोरीनने डोळे उघडे ठेवले होते. मादीच्या खांद्यामागचे केस उडाल्याचं तिने स्वतः पाहिलं. बाकीच्या चार उधळल्या. ती मादी मात्र पाठ वाकवून चालत चालत देवदारांत शिरली, जणू काही झालंच नाही.

हॅटीने दुसरं काडतूस आत सारलं होतं. "लागली?"

"लागली."

"कुठे?"

"जिथे लागायला हवी तिथेच," कोरीन म्हणाली आणि तिला ते खात्रीने माहीत नव्हतं.

अर्धा तास थांबायचं, हा ऑर्विलचा नियम. कोरीन उठली, बसली, घड्याळ बघितलं, पुन्हा उठली. चालत गेलेलं जनावर. पोरीला आता किती दिवस माग काढावा लागेल, आणि आपण पुढे चालताना तिच्याशी काय बोलायचं, याची ती जुळवाजुळव करत होती. हॅटी रायफल मांडीवर घेऊन झाडांकडे बघत होती.

अर्ध्या तासाला चार मिनिटं कमी असताना कोरीन म्हणाली, "चल."

बर्फावर रक्त होतं. लालभडक, बुडबुडे असलेलं, फेसाळ. फुप्फुसाचं. कोरीन खाली वाकली आणि तिने बोटाने तो फेस चाचपला. साठ पावलांवर देवदाराच्या बुंध्याशी मादी पडली होती, कधीच संपलेली.

हॅटीने हातमोजा काढला आणि तिच्या मानेवर हात ठेवला. "अजून गरम आहे," ती म्हणाली आणि मग हुंदके देऊन रडायला लागली. कोरीन तिच्याशेजारी बर्फात बसली. काही बोलली नाही, मग बाबांची ती पाठ आठवली तसं तिने पोरीला जवळ ओढून सांगितलं, "रड. मी इथेच आहे. तू चांगलं मारलंस, तिला कळलंसुद्धा नसेल."

जनावर सोलून, तुकडे करून खाली न्यायला त्यांना तीन फेऱ्या लागल्या. कुंपणाशी ऑर्विलनी बरगड्यांवरून बोट फिरवलं, आधी या बाजूचं भोक, मग त्या बाजूचं. "आरपार गेली," ते म्हणाले आणि मांस गाडीत नीट लावायला लागले.

दोन दिवस तिघं स्वयंपाकघरात मांस कापत, कागदात गुंडाळत होती. हॅटी काम करायची, पण ताटातलं मांस बाजूला सारायची. ऑर्विल काहीतरी बोलायला गेले, तर कोरीनने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. तिसऱ्या दिवशी तिने बटाटे आणि कांद्याबरोबर मांसाचा मोठा तुकडा भाजला. हॅटीने एक घास खाल्ला, थोड्या वेळाने दुसरा.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

ऑर्विलनी मिठाची बाटली सरकवली. "पुढच्या वर्षी शिकारीचे परवाने दोन काढायचे का? आईचाही?" त्यांनी ताटाकडे बघतच विचारलं.

कोरीन कॉफी आणायला उठली होती. "बघू," ती म्हणाली.