मास्तरांचं उशिराचं हसू

परवा नातीने मला ठाण्याला नेऊन एक बोलपट दाखवला. विनोदी होता म्हणे. लागून तिसराच दिवस, तरी थिएटर अर्धं रिकामं होतं आणि आलेल्यांतले बरेच मध्यंतरात उठून गेले. एक जाडा सावकार दोनदा पाण्यात आणि एकदा पिठात पडला. प्रत्येक वेळी पडण्याआधी त्याचा नोकर ओरडून सांगत होता की मालक आता पडणार. बाहेर आल्यावर नातीने विचारलं, "आजोबा, कसा वाटला?" मी नेहमीसारखं "बरा होता" म्हणून चालू लागलो.

घरच्यांचा समज आहे की म्हाताऱ्याला खेळातलं काही कळत नाही. खरं तर तरुणपणी मला यातलं फार कळत असे, आणि जे कळे ते मी ज्याला त्याला ऐकवत असे. त्यातून जे घडलं त्याचा दोष गावाने भलत्याच माणसाला दिला. तो माणूस आता नाही. मीही फार दिवस नसणार, म्हणून लिहून ठेवतो.

कल्याणला रेल्वे येऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती. मी ठाण्याच्या कचेरीत उमेदवार कारकून होतो आणि सकाळच्या गाडीने जात-येत असे. त्या काळी भिवंडीकडचा एक गृहस्थ जादूच्या कंदिलाचे खेळ करी. दर दोन-तीन महिन्यांनी बैलगाडीत सामान घालून तो कल्याणला येई आणि बंदरावरच्या भाताच्या वखारीत पडदा बांधी. आम्ही त्याला दिवेवाला म्हणत असू. पत्र्याची मोठी पेटी, आत रॉकेलचा दिवा, वर धुराडं, पुढे भिंग. काचेवर रंगवलेली चित्रं त्यातून पडद्यावर माणसाएवढी मोठी होऊन पडत. पडदा पाण्याने भिजवलेला असे, त्यामुळे चित्र दोन्ही बाजूंनी दिसे. पुरुष पुढच्या बाजूला बसत आणि बायका पडद्याच्या मागे. त्यांना सगळं उलटं दिसे, पण त्याची तक्रार कुणी केल्याचं मी ऐकलं नाही.

आधी देवादिकांची चित्रं होत. लोक हात जोडत, कुणी टोपी नीट करी. मग विनोदी चित्रं लागत आणि वखार अशी गप्प होई की दिव्याची फुरफुर ऐकू यावी.

तो गप्पपणा मला पाठ होता. काही काचा विलायतेहून आलेल्या होत्या. एकीत एक जाडा साहेब डोक्यावर पांढरा गोळा घेऊन धावत होता. तो गोळा म्हणजे पुडिंग नावाचं पक्वान्न आहे आणि ते आचाऱ्याच्या हातून साहेबाच्या डोक्यावर पडलं आहे, असं दिवेवाला समजावून सांगे. लोकांना वाटलं साहेबाला गळू झालंय. पडद्यामागून एक म्हातारी "अरेरे, बिचारा" म्हणाली. काही काचा दिवेवाल्याने स्वतः रंगवलेल्या होत्या. त्याचा हात चांगला होता. एकावर एक दोन काचा ठेवून तारेने एक सरकवली की चित्र हलत असे. लाडू खाणाऱ्या एका भटाचे गाल फुगायचे होते, पण काच गरम होऊन अडकली आणि भटाचा एकच गाल फुगला. त्यालाही कुणी हसलं नाही. कुणी तरी दाढदुखीवरचं औषध सांगितलं.

पण माझं मत असं होतं की खरा दोष काचांत नाही, दिवेवाल्याच्या तोंडात आहे. तो अखंड बोले. "आता पाहा, भटजी उठतायत, पाय पाटात अडकतोय, आता आपटणार," असं सगळं सांगून झाल्यावर मग काच सरकवी. ऐकलेलंच पुन्हा बघून कोण हसणार?

हसत असे एकच माणूस, आमचे मराठी शाळेचे मास्तर. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो होतो. ते प्रत्येक खेळाला येत, खांबाला टेकून बसत आणि अगदी मोकळेपणाने हसत. गंमत म्हणजे चित्र बदलण्याच्या आधीच त्यांचं हसून झालेलं असे. मित्रांमध्ये मी त्याची टिंगल करी. मास्तर दिवेवाल्याला उत्तेजनार्थ हसतात, असं मी म्हणे.

एका पहाटे स्टेशनकडे निघालो होतो. थंडीचे दिवस होते, काळ्या तलावावर धुकं होतं. बोळात म्युनिसिपालटीची कचऱ्याची गाडी उभी होती आणि तिला जुंपलेला रेडा रवंथ करत होता. समोरून मास्तर आले. डाव्या बगलेत छत्री, पागोटं किंचित कललेलं, उजव्या हाताची बोटं भिंतीला लागलेली. रेड्याने नाकातून श्वास सोडला. मास्तर थांबले, कमरेत वाकले आणि अदबीने म्हणाले, "रामराम रावसाहेब, आज लवकर?"

मला हसू आवरलं नाही. त्यांनी आवाजावरून मला ओळखलं, आणि आपण गावातल्या रावसाहेबांऐवजी रेड्यापुढे वाकलो हेही ओळखलं. मग त्यांनी मला कोपऱ्यावर नेऊन सांगितलं की दोन वर्षांपासून त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. घरापासून शाळेच्या पायरीपर्यंत चारशे बारा पावलं होती, ती ते मोजत जात. पुस्तकं सगळी पाठ होती. एकाची पाटी ते दुसऱ्याकडून वाचून घेत. हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या पत्नीला, आणि आता मला.

"पेन्शनला दीड वर्ष उरलंय," ते म्हणाले. "तेवढं निघू दे. कुणाला बोलू नकोस." मग म्हणाले, "रेड्याला नमस्कार घातला ते एक बरं. रावसाहेबांना हुर्र केलं असतं म्हणजे पंचाईत होती."

मी वचन दिलं. पायावर हात ठेवून दिलं. मास्तर खेळात चित्राआधी का हसतात हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

पुढच्या खेळालाही लोक गप्पच राहिले. खेळ संपल्यावर दिवेवाला काचा चिंध्यांत गुंडाळत होता आणि मी तिथेच घुटमळत होतो. त्याने विचारलं, "कारकूनसाहेब, तुम्ही दरवेळी येता. काय चुकतं माझं?"

असं कुणी विचारलं की मला दुसरं काही सुचत नसे. मी त्याला साहेबाचं गळू ऐकवलं, भटाचा गाल ऐकवला. शेवटी म्हणालो, "तोंड बंद ठेवा. काय आहे ते दिसतंय की लोकांना. आणि ओळखीचं काही दाखवा. पुडिंग इथे कुणी पाहिलंय?"

"ओळखीचं म्हणजे?"

मी त्याला करून दाखवलं. बगलेत त्याचीच छत्री धरली, भिंतीला बोटं लावली, आणि गाडीच्या बैलापुढे कमरेत वाकलो. बैल नको, रेडा हवा, असंही सांगितलं. दिवेवाला पोट धरून हसला. मग त्याचा चेहरा एकदम कामाला लागल्यासारखा झाला. "पुन्हा करा," तो म्हणाला. "पागोटं कुठल्या बाजूला?" मी तीनदा केलं. मास्तरांना तो नावाने ओळखत नव्हता, वखारीच्या अंधारात त्याने त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. मीही नाव घेतलं नाही. नाव घेतलं नाही म्हणजे वचन मोडलं नाही, असा हिशेब मी घरी जाताना मनाशी केला, आणि तो मला पटलाही.

दोन महिन्यांनी तो आला. दारातच माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे जमलंय. मी आत गेलो तर खांबापाशी मास्तर बसलेले. त्यांनी हात चाचपून मला शेजारी बसवलं. पुढच्या रांगेत शाळा कमिटीतले एक गृहस्थ होते. मला तिथून उठावंसं वाटत होतं, पण उठलो नाही.

देवादिक झाले. मग पडद्यावर तो बोळ आला. मी तशी काच पुन्हा कुणाची पाहिली नाही. धुकंसुद्धा होतं. भिंत, भिंतीला बोटं लावलेला पागोटेवाला, छत्री, समोर रेडा. दिवेवाल्याने माझा सल्ला तंतोतंत पाळला. त्याने शब्दही काढला नाही. तार ओढली आणि माणूस कमरेत वाकला. दुसरी तार ओढली आणि रेड्याने मान हलवून नमस्कार घेतला. ती भर त्याची स्वतःची होती.

वखार हसली. इतकी हसली की धान्याच्या पोत्यांवरची कबुतरं उडाली. पडद्यामागून बायकांचं हसू आलं. मास्तर मात्र हसण्याच्या तयारीने तोंड उघडं ठेवून वाट पाहत होते. दिवेवाला काही बोलतच नव्हता.

"गप्प का झाला हा?" त्यांनी माझ्या कानाशी विचारलं. "काय आहे रे?"

तोवर पुढच्या रांगा शांत व्हायला लागल्या होत्या. कुणीतरी पागोटं ओळखलं होतं, कुणी छत्री. एकेक मान मागे वळत होती, मास्तर कसं घेतात ते बघायला.

मी म्हणालो, "साहेब घोड्यावरून पडला."

आणि मास्तर हसले. सगळं शांत झाल्यावर, एकटे, खदखदून. माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "हे जमलं बरं का त्याला." पडद्यावर ते वाकलेलेच होते. कमिटीतले गृहस्थ पूर्ण मागे वळले आणि मास्तरांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. पडद्यामागे एक बाई उठून गेल्याची चाहूल लागली. त्या मास्तरांच्या पत्नी होत्या, हे मला नंतर कळलं.

महिन्याच्या आत शाळेत तपासणी आली. वर्गातल्या एकाने मला जे सांगितलं ते असं. तपासनिसांनी मास्तरांच्या हातात पुस्तक दिलं आणि चौथीचा धडा वाचायला सांगितलं. मास्तरांनी न अडखळता वाचला, जिथे पान उलटायचं तिथे उलटलं. त्यांच्या हातात रेल्वेचं वेळापत्रक होतं. विनोद म्हणून पाहिलं तर माझ्या रेड्यापेक्षा हा सरस होता. वर्गात कुणी हसलं नाही.

मास्तरांना त्याच आठवड्यात घरी बसवलं. दीड वर्षातले सहा महिनेही निघाले नव्हते.

गावाला आता वाईट वाटू लागलं आणि राग काढायला कुणीतरी हवं होतं. आंधळ्या माणसाची टवाळी करणारा म्हणून दिवेवाल्याला वखार बंद झाली. बंदरावर कुणीतरी त्याचं भिंग फोडलं. तो माझ्या दारी आला. "तुम्ही सांगा ना लोकांना," तो म्हणाला. "मला तर त्या गृहस्थांचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं."

मी त्याला म्हणालो की माझी नोकरी अजून कायम झालेली नाही.

मग काखेतली चिंधीची गुंडाळी त्याने उंबऱ्यावर ठेवली. "ही तुमची," म्हणाला आणि गेला. त्याने पुन्हा कुठे खेळ केल्याचं ऐकलं नाही. ती काच माझ्या ट्रंकेत आहे. तार ओढली की माणूस अजून वाकतो.

मास्तर माजिवड्याला मेव्हण्यांकडे राहायला गेले. तिथे पायांना ठाऊक असलेली एकही वाट नव्हती. ते रोज सकाळी अंगणात येरझाऱ्या घालून चारशे बारा पावलं पुरी करत आणि मग ओसरीवर बसत, असं जाणारे-येणारे सांगत. मला ठाण्याहून ते घर तासाभराच्या चालीवर होतं. मी गेलो नाही.

एका सकाळी ते अंगणाबाहेर पडले. कोलशेतकडच्या मिठागरात काम करणाऱ्या एकाने त्यांना खाडीच्या बांधावरून चालताना पाहिलं. चाल इतकी ठाम होती की त्याला काही शंका आली नाही. त्याने रामराम घातला. उत्तरादाखल मास्तर म्हणाले, "तीनशे नव्वद," आणि तसेच पुढे गेले. तो मीठ ओढायला खाली वाकला. वर पाहिलं तेव्हा बांधावर कुणी नव्हतं आणि भरती चढत होती. दुपारी ओहोटीला ते सापडले.

मग मात्र मी गेलो. मास्तरांच्या पत्नी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांना मी लहानपणापासून काकू म्हणत असे. मी दिवेवाल्याबद्दल चार शब्द वाईट बोललो, जसं तेव्हा सगळेच बोलत. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"त्या दिवशी तू त्यांच्या शेजारी होतास ना?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"घरी आले तेव्हा फार खुशीत होते. साहेब घोड्यावरून कसा पडला ते मला दोनदा सांगितलं. मी पडद्यामागून उलटं बघत होते, पण डोळे शाबूत आहेत माझे." त्या माझ्याकडे बघत होत्या. "घोडा कुठे होता रे त्यात?"

मी वहाणा घालायला वाकलो. काकू आत गेल्या. मी पुन्हा त्यांच्यासमोर गेलो नाही.

घोडा नव्हता, काकू. रेडा होता. त्याच्यासमोर वाकलेले मास्तर होते, आणि नक्कल माझी होती. दिवेवाल्याने फक्त रंग भरले.